काही होणार नाही (कात्रज शाखा)

पराभूत मनोवृत्ती म्हणजे नाणेफेक होण्याआधीच सामना हरल्याचे जाहीर करून मोकळे होण्याची वृत्ती. प्रत्यक्ष पराभवाशी तिची गल्लत करू नये. पराभवाला कष्ट पडतात. २१ मे २०१७ रोजी हैदराबादला आयपीएलच्या अंतिम सामन्यात पुण्याचा संघ मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. शेवटच्या चेंडूपर्यंत धावून, धापा टाकून मिळवलेला तो अस्सल पराभव होता. त्याच रात्री कात्रजच्या कुठल्याशा सोसायटीत एका गृहस्थांनी, पुण्याचा एकच गडी बाद झालेला असताना, "गेली मॅच" म्हणत टीव्ही बंद केला आणि ते झोपायला गेले. जे हरायला संघाला अख्खी वीस षटके लागली, ते गृहस्थांनी पाच-सहा षटकांत उरकले. दुसऱ्या दिवशी खेळाडू खिन्न होते आणि गृहस्थ प्रसन्न होते. दुधाची पिशवी घेताना त्यांनी दुकानदारालाही निकाल आपणच लावल्यासारखा सांगितला.

निराशावादी आणि पराभूत वृत्तीचा माणूस दुरून सारखेच दिसतात. पण निराशावाद्याला वाईट होईल अशी भीती असते, तर दुसऱ्याला खात्री असते, आणि खात्री असलेला माणूस नेहमीच अधिक सुखी असतो. काही जण त्याला आळशीही समजतात. हा तर शुद्ध अन्याय. आळशी माणूस काम उद्यावर ढकलून गप्प बसतो. हा माणूस ते काम कसे व्यर्थ आहे हे सिद्ध करण्यासाठी एवढे राबतो की तेवढ्यात ते दोनदा झाले असते. आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा असतो. केंद्र दोन इमारती सोडून असते. गृहस्थ कट्ट्यावर बसून समजावतात की तिथे रांग असणार, रांग नसली तर सर्व्हर डाऊन असणार, सर्व्हर चालू असला तर वीजबिल जुने आहे म्हणणार, आणि वीजबिल चालले तर अंगठा उमटणार नाही. श्रोते माना डोलावतात. चहाची दुसरी फेरी होते. केंद्राचे शटर खाली ओढल्याचा आवाज इथपर्यंत ऐकू येतो, तेव्हा गृहस्थ बोट वर करून म्हणतात, "बघा! बंद झालं." घरी गेल्यावर कळते की बायकोने दुपारीच जाऊन पत्ता बदलला. अंगठाही पहिल्या फटक्यात उमटला. त्यावर गृहस्थांचे म्हणणे असे, की कार्ड पोस्टाने यायचे आहे, ते येणार नाही.

या वृत्तीचा सारा व्यवहार तीन वाक्यांवर चालतो. कामाआधी "काही होणार नाही", काम फसल्यावर "मी म्हणालोच होतो", आणि मधल्या काळात कोणी हात लावायला बोलावले तर "जाऊ दे ना". काम चुकून तडीस गेलेच तर चौथे वाक्य राखीव असते: "या वेळी झालं, नेहमी होईल असं नाही." चारही वाटा अशा बुजवून टाकल्यामुळे हा सिद्धांत कोणालाही खोटा पाडता येत नाही. विज्ञानात हा दोष समजतात, कट्ट्यावर गुण.

जगाच्या इतिहासात या वृत्तीला वेळोवेळी फार गंभीरपणे घेतले गेले. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत फ्रान्समध्ये 'आपण हरणार' छापाचा प्रचार करणाऱ्यांवर खटले चालले. त्याच युद्धात लेनिनने आपल्याच देशाच्या सरकारचा पराभव व्हावा, म्हणजे क्रांतीची वाट मोकळी होईल, अशी उघड भूमिका घेतली होती. आपलीच बस येऊ नये असे मनोमन वाटणारा प्रवासी कात्रजच्या बसस्थानकावरही भेटतो. फरक एवढाच, की बस न आल्यावर क्रांती करायची असते हे त्याच्या लक्षात राहत नाही. तो वडापाव खातो.

अभ्यासासाठी कात्रजसारखे ठिकाण नाही, कारण इथे या वृत्तीला सबब मिळत नाही. पुण्यात इतरत्र बस भरून येते, कात्रजला ती सुरू होते. बाके रिकामी, खिडकी रिकामी, ड्रायव्हर चहा पिऊन ताजातवाना. जागा मिळण्याची आशा शहरात कुठे बाळगावी तर ती इथेच. तरीही सकाळी साडेआठला स्थानकावर असे संवाद कानी पडतात:

"शिवाजीनगरची कधी आहे हो?"

"गेली आत्ताच."

"आणि पुढची?"

"तिचं काही खरं नाही."

"मग तुम्ही कुठल्या गाडीसाठी थांबलाय?"

"तिच्याचसाठी."

या शेवटच्या उत्तराकडे अभ्यासकांचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. कात्रजच्या पराभूत वृत्तीचे मर्म त्यात आहे. ती फक्त तोंडात असते, पायांपर्यंत उतरत नाही. तोंड "काही खरं नाही" म्हणत असते आणि पाय घरून दहा मिनिटे आधी निघालेले असतात.

बस येते. गृहस्थ म्हणतात, "ही आपली नसणार." वरच्या पाटीवर अक्षरे सरकत असतात, ती नेमकी इंग्रजीत आल्यावर गृहस्थ वाचायला लागतात आणि मराठीत आल्यावर चष्मा पुसायला घेतात. कंडक्टर दारातून ओरडतो, "चढा की काका, काय पाटीचं पारायण करताय?" गृहस्थ चढतात. आत जागाच जागा. पण चांगल्या जागा कोणीतरी धरून ठेवल्या असणार, या विश्वासाने ते मागच्या चाकावरच्या बाकावर जाऊन बसतात, जिथे गुडघे हनुवटीला लागतात. खिडकी उघडत नाही. ती बंद होत नसती तर पावसाळ्यात त्रास झाला असता, म्हणून एका अर्थी बरेच आहे. भारती विद्यापीठाच्या स्टॉपपर्यंत बस भरते आणि उभ्या राहिलेल्या प्रवाशाला ते बसल्या जागेवरून सांगतात, "कात्रजला चढलात तरी जागा मिळत नाही हो हल्ली."

अशा माणसाला सरसकट चुकीचे ठरवणेही सोपे नाही. २००६च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटीचा प्रायोगिक मार्ग मोठा गाजावाजा करून सुरू झाला. देशातल्या अशा पहिल्यावहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. त्या दिवशी ज्यांनी "काही होणार नाही" म्हटले, त्यांच्या नावावर पुढच्या काळात बरेच गुण जमा झाले. कात्रज–कोंढवा रस्त्याचे तर विचारूच नये. राजस सोसायटीपासून खडी मशीन चौकापर्यंतचा हा जेमतेम साडेतीन किलोमीटरचा पट्टा. रुंदीकरण २०१८ मध्ये हाती घेतले, रस्ता ८४ मीटर रुंद करायचा होता. जागा ताब्यात घ्यायच्या पैशांचा मेळ बसेना, तेव्हा ५० मीटरवर समाधान मानले गेले, आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. मधले ३४ मीटर पराभूत वृत्तीने आपल्या खात्यावर जमा करून घेतले. दर भविष्य खोटे ठरले असते तर कोणीही कंटाळला असता, दर भविष्य खरे ठरले असते तर त्याला ज्योतिषी म्हणावे लागले असते. अधूनमधून खरे ठरण्याची ही जी सोय आहे, तिच्यावर हा धंदा चालतो. लॉटरीच्या दुकानाचेही गणित यापेक्षा निराळे नसते.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर कात्रजची माती या वृत्तीला मुळीच पोषक नाही. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटे छाटून शिवाजी महाराज निसटले. त्या रात्री कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले आणि मोगल फौज त्या उजेडामागे घाटाकडे धावली, अशी आख्यायिका आहे. त्या बैलांपैकी एकानेही "पलिते बांधून काही होणार नाही" असे म्हटल्याची नोंद सापडत नाही. पुढे अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ काढून ते पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या हौदांपर्यंत नेले. ना पंप, ना वीज, केवळ उताराचा हिशेब आणि वाटेवर ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास. त्या काळी कट्टे नव्हते असे नाही. "एवढ्या लांबून पाणी येतंय होय?" असे कोणी ना कोणी म्हटलेच असणार. पाणी आले. आज त्याच कात्रजच्या उशाला असलेल्या कित्येक सोसायट्यांत टँकर येतो, आणि टँकर येणार नाही असे म्हणणारे गृहस्थ त्याची वाट पाहत गच्चीत उभे असतात.

याच नानासाहेबांच्या कारकिर्दीत १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्या धक्क्याने खचून पेशव्यांनी जूनमध्ये पर्वतीवर प्राण सोडला. त्यांनी आणलेले पाणी मात्र हौदांत पडत राहिले. मराठी माणसाने यातले नेमके काय लक्षात ठेवावे? मुलगा गणितात नापास झाला की घरात पानिपत होते. भाजी करपली की पानिपत होते. प्रत्यक्षात पानिपतानंतर दहाच वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांच्या पुढाकाराने मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि परागंदा झालेल्या बादशहाला पुढच्या वर्षी गादीवर आणून बसवले. पण तोच मुलगा फेरपरीक्षेत सुटला तर "दिल्ली घेतली" असे त्याची आजीसुद्धा म्हणत नाही. फार तर म्हणते, "सुटला कसाबसा."

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात ही वृत्ती सहकुटुंब पाहायला मिळते. इथल्या सर्पोद्यानामागे नीलिमकुमार खैरे यांचे नाव आहे. १९८० मध्ये हा माणूस ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिला होता. अशा माणसाच्या अंगणात येऊन कुटुंबप्रमुख तिकीट काढता काढता म्हणतात, "नाग झोपलेला असणार." आत गेल्यावर नाग झोपलेला असतो. "म्हणालो नव्हतो?" वाघ गुहेत असतो. "म्हणालो नव्हतो?" मुलगी हरणाकडे बोट दाखवून नाचते, तर तिला सांगितले जाते की हरीण काय, कुठेही दिसते. संग्रहालय बुधवारी बंद असते, हे सर्व पुण्याला ठाऊक आहे. तरी दर बुधवारी एक-दोन कुटुंबे दाराशी उभी दिसतात आणि त्यांच्यातल्या कर्त्या पुरुषाच्या चेहऱ्यावर विलक्षण शांती असते. त्याला आत जाऊन खात्री करून घ्यावी लागलेली नसते.

ही वृत्ती फक्त माणसांत असते, असेही ठामपणे म्हणवत नाही. मार्च २०२४ मध्ये इथला एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. वनखाते, अग्निशामक दल, सापळे, कॅमेरे असा सगळा लवाजमा कामाला लागला. दिवस उलटून गेल्यावर तो मिळाला कुठे, तर संग्रहालयाच्या आवारातच. तज्ज्ञ याची जी कारणे देतील ती देतील. कात्रजकरांना मात्र शंका नाही. कुंपणापर्यंत येऊन त्याने एकदा चौकातली वाहतूक पाहिली असावी आणि "आत्ता नको, जाऊ दे" म्हणून तो मागे फिरला असावा.

या वृत्तीची सर्वांत खडतर परीक्षा होते ती कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या ट्रेकमध्ये. तरुण मंडळी त्याला के-टू-एस म्हणतात. जुन्या बोगद्याच्या वर वाघजाईच्या देवळाजवळून चढायला लागायचे आणि एकामागून एक टेकड्या ओलांडत सिंहगडाच्या पायथ्याशी निघायचे. टेकड्या तेरा आहेत असे म्हणतात. आठव्या टेकडीवर मोजणाऱ्यांचे आपसात पटेनासे होते, त्यामुळे चौदा किंवा अकराही ऐकायला मिळतात.

प्रत्येक गटात एक तरी पराभूत वृत्तीचा गडी असतोच. ऑफिसातल्या पोरांनी आग्रह केलेला असतो, आणि नाही म्हणून काही होणार नाही अशा विचाराने तो आलेला असतो. टॉर्च आणलेला असतो, पण त्यात सेल नसतात, कारण चांदणे असेल असे इतर म्हणाले होते. चांदण्यावर त्याचा विश्वास नव्हता, सेलवरही नव्हता. बूट नवे असतात, म्हणजे ते चावणार. पाणी दोन लिटर, म्हणजे ते संपणार. पहिल्या टेकडीवर तो पुण्याचे दिवे पाहून म्हणतो, "इथूनच काय ते दिसतं, पुढं काही नाही." दुसरीवर त्याचा पाय मुरगळतो. तिसरीवर दुसरा मुरगळतो, त्यामुळे चाल परत सरळ होते. घसाऱ्यावरून तो बसून उतरतो आणि पँटचा मागचा भाग टेकडीच्या स्वाधीन करतो. मग सुरू होते ती जगप्रसिद्ध चौकशी:

"किती राहिल्या रे?"

"दोनच."

"मगाशीही दोनच होत्या."

"त्या वेगळ्या दोन."

"मी इथूनच परत जातो."

"जा की. सहा टेकड्या आहेत मागं."

इथे गडी थबकतो. ट्रेकच्या मध्यावर त्याला असे उमगते की हार मानून परत जायचे तरी तेवढ्याच टेकड्या चढायच्या आहेत, आणि त्या एकट्याने. आयुष्यभर त्याची अशी समजूत होती की माघार घेणे म्हणजे खाली बसणे. रात्री दोन वाजता, बॅटरीविना, ती समजूत टिकत नाही. तो तोंडाने "मला जमणार नाही" म्हणत पुढच्या टेकडीला लागतो. ते म्हणायला दम पुरावा म्हणून वाटेत गप्पा मारत नाही, फोटो काढायला थांबत नाही, तारे बघत नाही. परिणामी उजाडायच्या आत सर्वांच्या आधी डांबरी रस्त्याला तो लागतो. मागून येणारी उत्साही मंडळी तासाभराने लंगडत पोचतात. गडावर गेल्यावर तो म्हणतो, "पिठलं संपलं असणार." पिठलं असते. भाकरी गरम असते. भजीही नुकतीच कढईत पडलेली असतात. मडक्यातले दही मात्र जरा आंबट निघते, तेव्हा कुठे त्याचा चेहरा खुलतो.

या सगळ्याचा उगम शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांना असे आढळले की काही केले तरी धक्का थांबत नाही असा अनुभव घेतलेले कुत्रे, पुढे सुटकेची वाट उघडी असली तरी जागचे हलत नाहीत. पडून राहतात आणि कण्हतात. या अवस्थेला शिकलेली असहायता म्हणू लागले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलेच म्हणणे उलटे केले. पडून राहणे हे शिकावे लागत नाही, ते मुळातच असते. आपल्या हातात काही आहे, हे शिकावे लागते. कात्रजच्या कट्ट्यावर ही बातमी अजून पोचलेली नाही. पोचली तर तिचे स्वागत होईल. "पन्नास वर्षं केलं आणि शेवटी उलटंच निघालं. मी म्हणालोच होतो."

विद्यार्थ्यांत आढळणारा प्रकार थोडा वेगळा आणि अधिक चलाख आहे. त्यावर १९७८ मध्ये स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी लिहिले. अपयश येण्याआधीच त्याचे कारण माणूस स्वतः तयार करून ठेवतो, म्हणजे बोल कारणाला लागतो, अकलेला नाही. परीक्षेच्या सकाळी कात्रजच्या कुठल्याही वसतिगृहाबाहेर हे शास्त्र फुकटात ऐकायला मिळते. "काहीच वाचलं नाही यार." "मी तर पुस्तकच उघडलं नाही." "मला विषय कोणता तेच आत्ता कळलं." या तिघांचे डोळे जागरणाने तांबारलेले असतात. पैकी एकाला पंच्याऐंशी टक्के पडतात आणि उरलेले दोघे वर्षभर त्याच्याशी बोलत नाहीत.

सोसायटीच्या वार्षिक सभेत हीच वृत्ती सार्वजनिक रूप घेते. विषय पावसाचे पाणी गच्चीवरून जमिनीत मुरवण्याचा. चेअरमन कागद वाचून दाखवतात. खर्च फार नसतो, महापालिकेच्या करात सवलत असते, टँकरचे पैसेही थोडेफार वाचणार असतात.

"पाऊसच नाही पडला तर?" पहिल्या मजल्यावरून शंका येते.

"पडला तर मुरणार नाही, खाली खडक आहे," दुसरा मजला सांगतो.

"आणि मुरलं तर शेजारच्या सोसायटीच्या बोअरला जाईल!"

हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरतो. आपले पाणी मुरणार नाही हे दुःख सोसता येते, पण ते मुरून शेजाऱ्याला मिळेल हे कोणाच्याच घशाखाली उतरत नाही. ठराव बारगळतो. इतिवृत्तात "सविस्तर चर्चा झाली" असे लिहिले जाते. मग सेक्रेटरी कोण व्हायचे यावर सारी सभा छताकडे बघते आणि "दुसरं कोणी होणार नाही" या कारणास्तव मागच्याच सेक्रेटरींना पुन्हा निवडले जाते. त्यांनी राजीनामा खिशात आणलेला असतो. तो कोणी स्वीकारणार नाही म्हणून त्यांनी बाहेर काढलेला नसतो. सभा संपल्यावर कात्रज डेअरीचे सुगंधी दूध वाटतात. ते पुरणार नाही असे म्हणत प्रत्येक जण दोन बाटल्या उचलतो, त्यामुळे ते पुरत नाही.

अलीकडच्या काळात या वृत्तीला सर्वाधिक खाद्य मेट्रोने पुरवले. स्वारगेट ते कात्रज हा सुमारे साडेपाच किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला. खर्च २,९५४ कोटी रुपये आणि मुदत २०२९. पंतप्रधान २६ सप्टेंबरला पुण्यात येऊन पायाभरणी करणार होते. आदल्या दिवशी असा पाऊस कोसळला की दौराच रद्द झाला. त्या दिवशी कात्रजच्या कट्ट्यांवर ऊत आला होता. "पायाच भरता येईना, मेट्रो कसली भरतायत!" चहा उधारीवर पाजला गेला. तीनच दिवसांनी, २९ तारखेला, पंतप्रधानांनी दिल्लीत बसून पडद्यावरून पायाभरणी केली आणि कट्टा जरा वेळ सुन्न झाला. मग कोणीतरी म्हणाले, "ऑनलाइनच केलीय ना, मग मेट्रोही ऑनलाइनच येईल." पुढे या मार्गावर बिबवेवाडी आणि बालाजीनगर अशी दोन स्थानके वाढवायचे ठरले. कट्ट्याच्या मते, न होणाऱ्या मेट्रोला दोन स्थानके जास्त झाली.

या मेट्रोने एक गोष्ट मात्र उघडी पाडली: पराभूत मनोवृत्तीला बाजारभाव असतो. सुखसागरनगरातला वन बीएचके विकायला काढलेले गृहस्थ एजंटासमोर बसतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून सगळे 'नाही' गळून पडतात. "मेट्रो म्हणजे आता आलीच. इथून चालत स्टेशन. बावीस लाखाचे पंचेचाळीस झाले बघा." समोर बसलेला घेणारा कात्रजचाच असतो. तो शांतपणे चहाची बशी खाली ठेवतो. "कसली मेट्रो घेऊन बसलात काका? ह्या जन्मात होत नाही. कोंढवा रस्त्याचं बघताय ना?"

"अहो, मंत्रिमंडळाची मंजुरी आहे!"

"मंजुरी काय, कशालाही मिळते."

काकांना आपलीच वाक्ये ऐकून घाम फुटतो. ते एजंटाकडे पाहतात. एजंट पंख्याकडे पाहतो. तासभर घासाघीस होते, त्यात काका मेट्रोच्या बाजूने इतके बोलतात की खुद्द महामेट्रोही इतके बोलली नसेल. शेवटी दोन लाख खाली सौदा तुटतो. सह्या होतात, बयाणा दिला जातो, पेढा वाटला जातो. जिना उतरता उतरता घेणारा बायकोला फोन लावतो, "झालं एकदाचं. दोन वर्षांत मेट्रो सुरू झाली की साठला जाईल." वर खिडकीत काका आपल्या बायकोला सांगत असतात, की बरे झाले विकला, मेट्रोबिट्रो काही होणार नाही.